वाऱ्यातली पेनल्टी

आमच्या फेरो बेटांच्या बायकांच्या फुटबॉल संघात पेनल्टी मारण्याचा मान एकीचाच. तो माझा होता. गेल्या वर्षी एक हुकली आणि तो बिरिताकडे गेला. आता तिचा फोटो आमच्या मासळीच्या कारखान्यातसुद्धा लावलाय, नेमका माझ्या टेबलासमोर. तिचं ते हसू बघत मी दिवसभर मासे साफ करते आणि आतल्या आत जळते.

आज सरावाच्या सामन्यात पेनल्टी मिळाली, तेव्हा समुद्रावरून असा वारा सुटला होता की चेंडू जागेवर ठरेना. अशा वेळी आमच्याकडे एकीनं आडवं पडून चेंडू बोटानं दाबून धरायचा असतो.

"मार्युन, तू धर," कप्तान ओरडली. "नाहीतरी नुसती उभीच आहेस."

मी निमूट आडवी झाले. मनात आलं, बोट जरा आधीच उचललं तर? वाऱ्याला कोण जाब विचारणार?

बिरिता माझ्याजवळ वाकली. "बोट आधी उचलू नकोस हं. जरा जरी घाई केलीस ना, तर चेंडू डावीकडे सरकतो."

"तुला गं काय माहीत?"

ती मान खाली घालून मागे गेली.

गेल्या वर्षी, याच मैदानावर, माझा चेंडू डाव्या खांबाला लागला होता. सगळ्यांनी वाऱ्याला शिव्या घातल्या, मीसुद्धा. तेव्हा चेंडू बिरितानं धरला होता.

शिट्टी वाजली. माझं बोट अजून चेंडूवर होतं.