काठावरचा टवका

सासूबाई परगावी गेल्या असताना सुनेच्या हातून त्यांचा पिढीजात ओतीव लोखंडाचा खल फरशीवर पडला आणि दुभंगला. सून इंजिनिअर होती. तिच्या कारखान्यात लेझरने धातूची भुकटी थरावर थर सांधून यंत्रांचे सुटे भाग घडवत. तिने तुकडे जुळवून स्कॅन केले आणि पोलादी भुकटीतून हुबेहूब तसाच खल उतरवला, अगदी काठावरच्या जुन्या टवक्यासकट. त्यावर तेलाचा हात फिरवून तिने तो गुपचूप जागेवर ठेवला.

परतल्यावर सासूबाई मिरी कुटायला बसल्या आणि दुसऱ्याच ठोक्याला थांबल्या. आवाज वेगळा होता. सून हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघू लागली.

त्यांनी काठावरून बोट फिरवलं.

"टवका छान जमलाय गं! मी माझ्या सासूबाईंचा खल फोडला, तेव्हा नव्या खलावर एवढा टवका पाडायला मला अख्खी दुपार कानस घासावी लागली होती."