काही त्रास नाही

शेजारच्या काकूंनी दार उघडलं तेव्हा धाकटा आत तयारच होता. पायांत बूट, पाठीला दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. आईच्या चपलांचा आवाज त्याने जिन्यातच ओळखला होता.

"पोराने काही म्हणजे काही त्रास दिला नाही बघ," काकू म्हणाल्या. "घरात आहे की नाही तेसुद्धा कळायचं नाही."

आईने मान डोलावली. हल्ली सगळ्यांचे आभार मानून मानून तिचे शब्द गुळगुळीत झाले होते. तेच पुन्हा म्हणून तिने धाकट्याची पिशवी घेतली आणि समोरच्या आपल्या दाराला किल्ली लावली.

थोरली दोरीवरच्या उड्या मारताना पडली, तिथून हे सगळं सुरू झालं होतं. आधी वाटलं, पाय मुरगळला असेल. दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरून उठता येईना, आणि संध्याकाळपर्यंत हातात पेला धरवेना. नसांचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले. साध्या तापाचं निमित्त होतं आणि शरीर आपल्याच नसांवर उलटतं. बरी होईल, पण त्याआधी आणखी बिघडेल. तसंच झालं. अशक्तपणा पायांतून छातीपर्यंत चढला आणि अकरा वर्षांच्या पोरीचा श्वास मशीनवर आला.

आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या ओल्या चादरी गरम रुळांमधून काढायच्या, घड्या घालायच्या. तिने रजा घेतली. वडील डिलिव्हरी व्हॅन चालवायचे. त्यांना रजा मिळेना, म्हणून दिवसा ती दवाखान्यात आणि रात्री ते. नवरा-बायकोची गाठ पडायची ती अतिदक्षता विभागाच्या दाराशी. एकाने मोबाईलचा चार्जर आणि पाण्याची बाटली दुसऱ्याच्या हवाली करायची, काय झालं ते दोन वाक्यांत सांगायचं, की निघायचं. एकदा ती दोन वाक्यं संपायच्या आत दोघंही भिंतीला टेकून उभ्याउभ्या पेंगले. नर्सने येऊन हलवलं तेव्हा कुठे जागे झाले.

पोरीला बोलता येत नव्हतं. हो म्हणायचं तर डोळे एकदा मिटायची, नाही म्हणायचं तर दोनदा. आई दिवसभर त्या डोळ्यांकडे बघत बसायची. तिचे तळवे चोळायची, केस विंचरायची, नर्सच्या मदतीने कूस बदलायची. बाहेर ऊन आहे की पाऊस, तिला ठाऊक नसायचं.

धाकटा सहा वर्षांचा. लहानपणी असा गळा काढायचा की सगळ्या इमारतीत त्याचं नाव भोंगा पडलं होतं. पहिल्या दिवशी त्याने मलाही ने म्हणून विचारलं. तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत, असं त्याला सांगितलं. पुन्हा त्याने विचारलं नाही. काकूंकडे जेवायचा, तिथेच अभ्यास करायचा, तिथेच झोपायचा. आई रात्रीही दवाखान्यातल्या बाकावरच पडायची. आंघोळीपुरती घरी येई, तेव्हा तो उंबऱ्यावर उभा राहून तिच्याकडे बघायचा आणि ती निघाली की बाजूला व्हायचा. शाळेतल्या बाईंनीही निरोप पाठवला, मुलगा अगदी शहाण्यासारखा वागतो. आईला तेवढंच बरं वाटायचं. चला, एक काळजी तरी कमी.

आणि मग हळूहळू दिवस पालटले. मशीन निघालं. उशीला टेकून पोरगी बसू लागली. आज सकाळी तर घोगऱ्या आवाजात तिने वडिलांना सांगितलं, तुमच्या मोज्यांचा वास येतोय. वडील हसत हसत बाहेर आले आणि बराच वेळ तोंड पुसत राहिले. उद्या घरी सोडतो, डॉक्टर म्हणाले. चालायला वेळ लागेल, पण चालेल. वडिलांनी आज व्हॅन दुसऱ्याकडे दिली होती. ते म्हणाले, तू जा, त्याला घरी आण आणि जरा आडवी हो.

घराला बंद खोलीचा वास येत होता. आईने खिडकी उघडली, धाकट्याला दूध-बिस्किटं दिली. त्याने पेला स्वतःच विसळून पालथा ठेवला. ती अंगावरच्या कपड्यांनिशी पलंगावर पडली. पाय आपले नाहीतच असं तिला वाटत होतं.

तो येऊन पलंगाच्या कडेला बसला. तिला धक्का लागू नये इतका लांब.

"आई, ताई बरी झाली ना?"

"झाली रे राजा. उद्या येणार घरी."

तिचे डोळे मिटत आले होते.

"मग आता माझा नंबर ना?"

कसला नंबर, तिने डोळे न उघडताच विचारलं. तिला वाटलं, खिडकीजवळच्या पलंगावर झोपायचा म्हणत असेल. त्यावरून दोघांची नेहमी भांडणं व्हायची.

"आजारी पडायचा," तो म्हणाला. "मग तू माझ्याजवळ दिवसभर बसायचं."

आईने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता की तक्रार नव्हती. त्याने फक्त विचारलं होतं आणि आता तो उत्तराची वाट बघत होता. ती उठून बसली. ती गप्प आहे म्हणजे नाहीच म्हणणार असं त्याला वाटलं असावं, कारण तो घाईघाईने पुढे सरकला.

"सुई टोचली तरी चालेल मला," तो म्हणाला.