शंभर वारांवरचे पाणी

पहिला डबा फुटला तेव्हा बंदुकीपेक्षा पाण्याचाच आवाज मोठा झाला.

दुधाचे रिकामे प्लास्टिकचे डबे पाण्याने भरून रॉइसने एकामागे एक मांडले होते. गोळी जनावराच्या अंगात शिरल्यावर उघडते की नाही, हे या भागात असेच पाहतात. पुढचे दोन डबे चिंध्या होऊन पडले होते. तिसऱ्याच्या तळाशी सापडलेली गोळी त्याने तळहातावर घेतली आणि पदक दाखवावे तशी बहिणीपुढे धरली.

"बघ. फूल झालंय."

नेल्डाने गोळीकडे पाहिले नाही. ती डब्यांपासून ट्रकपर्यंतचे अंतर पाहत होती.

संध्याकाळी ह्यूस्टनहून पाहुणे यायचे होते आणि रॉइसने त्यांना निःशब्द शिकारीचे वचन दिले होते. ध्वनीहून मंद गोळीचा हवेत कडाका होत नाही. नळीवर आवाजशोषक असला की कळप उधळत नाही. एक डुक्कर पडते आणि शेजारचे मका खात राहते. पाहुण्यांना कानांत बोळे घालावे लागत नाहीत, मारता मारता आपापसांत सुखाने बोलता येते. सभ्यतेने एवढी मजल मारली होती. मात्र मंद गोळी कधीकधी मांसात उघडत नाही, सुईसारखी आरपार जाते. मग डुक्कर मरत नाही. ते काटेरी झुडपांत शिरते आणि त्याच्यामागे कुत्रा सोडावा लागतो. कुत्रा नेल्डाचा होता. महिन्यापूर्वी तिच्याकडे दोन होते.

"डुकरं ट्रकला टेकून उभी राहणार आहेत का?" तिने विचारले.

डबा तो डबाच, रॉइस म्हणाला. इथे ठेवला काय आणि ओढ्यापलीकडे ठेवला काय. मग पलीकडे ठेवायला हरकत नसावी, असे ती म्हणाली. तिला बंदूक धरायला कोणी शिकवले, याची त्याने आठवण करून दिली. ते तिने नाकारले नाही.

"गोळ्यांच्या खोक्यावर रानडुकराचं चित्र आहे, नेल्डा. ससा नाही छापलेला."

"चित्र छापणाऱ्याला झुडपात कोण पाठवणार आहे?"

उरलेले डबे तिनेच उचलले. कोरडा ओढा ओलांडून, मका टाकणाऱ्या यंत्राखाली, संध्याकाळी डुकरे जिथे उभी राहणार होती तिथे, तिने ते रांगेत मांडले. तिचा कुत्रा जूनबग तिच्या मागोमाग गेला आणि मागोमाग परत आला. पाहुणे ज्या मचाणावर बसणार होते, तिथून ते अंतर शंभर वार भरत असे. हे रॉइसला ठाऊक होते, मचाण त्यानेच बांधले होते.

मंद गोळी वाटेत खाली येते, म्हणून मचाणावरून त्याने नेम वर धरला. पलीकडून हलकीशी थाप ऐकू आली. डबे जागच्या जागी उभे होते.

"चुकली," तो म्हणाला आणि पुन्हा झाडली. पुन्हा थाप. डबे उभेच.

दोघे चालत गेले. एकही गोळी चुकली नव्हती. प्रत्येक डब्याला पुढून दोन भोके होती, मागून दोन, पेन्सिल जाईल एवढी, आणि त्यांतून पाण्याच्या बारीक धारा शांतपणे वाहत होत्या. मागच्या मातीतून रॉइसने चाकूने एक गोळी उकरली. नळीचे ओरखडे सोडले तर ती खोक्यातून आत्ताच काढल्यासारखी होती. वाटेत तिचा उरलासुरला वेगही गेला होता, आणि वेगावाचून ती उघडत नव्हती.

नेल्डाने सांगितले की जलद गोळ्या घरात आहेत, त्या वापराव्यात. मोठा आवाज होईल, पहिल्या गोळीला कळप पळेल, पण जे पडेल ते पुन्हा उठणार नाही.

"एका डुकरासाठी माणसं एवढ्या लांब येत नाहीत," रॉइस म्हणाला. भोक योग्य जागी पडले की जनावर जागीच पडते, कानामागे मारायला तो पाहुण्यांना सांगणार होता. पाहुण्यांपैकी एक दंतवैद्य होता. दुसऱ्याने गेल्या नाताळात पहिल्यांदा बंदूक हातात घेतली होती.

"आणि गेलंच एखादं झुडपात, तर जूनबग आहे ना. फुकट खातो का तो?"

नेल्डाने शीळ घातली आणि आपल्या गाडीपर्यंत चालत गेली. दार उघडताच जूनबग उडी मारून सीटवर बसला. तिने सीटमागून कुत्र्याचे चिलखत काढले, सुळा लागू नये म्हणून छातीभोवती बांधतात ते जाड कापडाचे. बरगडीच्या जागी वीतभर फाटले होते. तिथे नव्या दोऱ्याची दाट शिवण होती.

रॉइस तिच्या मागोमाग आला होता. तिने ते त्याच्या हातात दिले.

"हे मला कशाला?"

नेल्डाने दार लावून घेतले आणि काच खाली केली.

"पट्टे पोटाखालून घ्यायचे," ती म्हणाली.