लाल शाईचा शेरा

सलग तिसऱ्या पाळीला शेजारची खाट रिकामी दिसली आणि ड्रायव्हरच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

गेला! शेवटी साहेब गेला! त्याने चपला काढल्या, काट्यावर उभं राहून वजन दिलं आणि खाटेवर येऊन डावा हात पुढे केला. एरवी डायलिसिसच्या त्या दोन जाड सुया दिसल्या की त्याला दरदरून घाम फुटायचा. आज त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कधी गेले हो?" त्याने शेजारच्या खाटेकडे मान वळवून सिस्टरला विचारलं.

"गेले नाहीत, काका," सिस्टर नळ्यांना पट्टी चिकटवत म्हणाली. "यायचंच नाही म्हणतात. सूनबाईंचा फोन आला होता. भिंतीकडे तोंड करून पडलेत, जेवत नाहीत, बोलत नाहीत. मन खचलंय त्यांचं. डॉक्टर गोळ्या द्यायला तयार आहेत, पण माणूस इथवर यायला तर हवा ना!"

ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन गरगरू लागलं.

ती भिंत त्याच्या ओळखीची होती. वर्षापूर्वी तोही तसाच पडून असायचा. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनला बांधलेला. पाणी मोजून प्यायचं. पाळी उद्या असली की आजपासूनच छातीत धडधड. एका शुक्रवारी त्याने बायकोला सांगून टाकलं होतं, "सोमवारपासून मी जाणार नाही. पुरे झालं." ती रडली, भांडली आणि गप्प बसली. त्याच शुक्रवारी, त्याच्या शेवटच्या पाळीला, शेजारच्या खाटेवर नवा पेशंट आला. बस डेपोचा मॅनेजर. त्याचाच साहेब.

एकोणीस वर्षांपूर्वी याच साहेबाकडे त्याने दोन दिवसांची रजा मागितली होती. आई अत्यवस्थ होती. साहेबाने अर्ज पुरता वाचलाही नाही. लाल पेनने तिरका शेरा मारला: 'नामंजूर. गाडी उभी राहील.' ड्रायव्हर निमूट लांबच्या फेरीवर गेला. परत आला तेव्हा घरी सगळं आटोपलं होतं. तो अर्ज त्याने लायसन्सच्या पाकिटात जपून ठेवला. लायसन्सची मुदत संपली, अर्ज तिथेच राहिला.

म्हणून तो त्या सोमवारी आला. बुधवारीही आला. याच्या आधी मरायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. साहेबाचं वजन अंगात साठलेल्या पाण्याने दोन किलो वाढलेलं कळलं की हा जिद्दीने दिवसाचे दोन घोट आणखी कमी करायचा आणि पुढच्या खेपेला त्याच्या नाकावर टिच्चून काट्यावर उभा राहायचा. वर्षभरात दोघे एक शब्द बोलले नव्हते. बायको सगळ्यांना सांगायची, डॉक्टरांनी मनासाठी दिलेल्या गोळ्यांचा गुण आला.

आणि आता हा माणूस हातावर तुरी देऊन निघाला होता! तोही आपल्या मर्जीने, घरच्या गादीवर, उशाशी सून बसलेली असताना.

"सिस्टर," सुया काढल्यावर हातावरचा कापूस दाबत तो म्हणाला, "दुपारच्या पाळीला ही शेजारची खाट मोकळी आहे?"

"आहे. का हो?"

"मोकळीच ठेवा."

एरवी ही घरी जाऊन झोपायची वेळ. तो बसमध्ये चढला आणि तिसऱ्या थांब्यावर, साहेबाच्या घरापाशी उतरला. दार सुनेने उघडलं. "बाबा कुणाला भेटत नाहीत," ती म्हणाली. "मला भेटतील. मी डेपोतला," म्हणत तो आत शिरला.

साहेबाचा चेहरा सुजला होता. पडल्यापडल्याही धाप लागत होती.

"मजा बघायला आलास?"

"हो."

"बघ मग. मला पुरे झालंय सगळं. आता मोकळं व्हायचंय."

"अर्ज दिलात?"

ड्रायव्हरने पाकिटातून कागद काढला आणि चादरीवर उलगडला. घड्यांवर तो विरला होता, लाल शाई गुलाबी पडली होती. साहेबाने या खेपेला पहिल्या ओळीपासून वाचला. 'आई' या शब्दापाशी त्याचं बोट थांबलं.

"माफी मागू?"

"मुळीच नको. माफी मागितलीत की सुटलात. मला तुम्ही सुटायला नको आहात. आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायच्या, पाणी मोजून प्यायचं आणि दर वेळी माझं तोंड बघायचं. मरेपर्यंत." त्याने शेऱ्यावर बोट ठेवलं. "रजा नामंजूर. मशीन उभं राहील."

सून दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग साहेबाने तिच्याकडे हात केला आणि शर्ट मागितला. तिने घाईने त्याला उठवून बसवलं. बटणं लावता लावता तो थांबला.

"माझ्या पहिल्या दिवशी तू सिस्टरला सांगत होतास, सोमवारपासून येणार नाही म्हणून. ऐकलं होतं मी. तुझ्या त्या रजेचं काय झालं?"

ड्रायव्हरने अर्जाची घडी घातली आणि पाकिटात ठेवली.

"तीही तुम्हीच नामंजूर केलीत," तो म्हणाला. "शेजारी येऊन निजलात ना!"