कप्तानाची खुर्ची

हिंगणघाटच्या कापडदुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून धीरज गल्ल्यावर बसून मोबाईलवर भांडत होता. लहानपणापासून ज्या अंतराळपटांवर त्याने जीव टाकला, त्यांच्या नव्या भागात कप्तानाच्या खुर्चीत आता कप्तानाचा नातू बसणार होता.

"बस करा ना बे!" त्याने चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं. "आजा झाला, बाप झाला, आता नातू. त्या पोराले कोणी विचारलं का, तुले काय व्हायचं हाय?"

बाहेरून त्याच्या वडिलांनी, पुंडलिकरावांनी, हाक मारली. "अबे धीरज, पेंटर आला! काल तुह्या पोराचं बारसं झालं ना, तं बोर्डावर माह्या नावाखाली तुह्यं लिहिलं तसंच तुह्याखाली त्याचं लिहून घेजो."



धीरजने मोबाईल खिशात टाकला आणि जाऊन पेंटरची शिडी धरली.