दुसरी प्रत

"सागवान!" जटक्यातून उतरता उतरता कल्याणराम म्हणाला. सकाळपासून हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला होता, की त्यातला तुच्छभाव एव्हाना घोड्यालाही कळला असावा.

सीतारामराव मागून उतरले. एरवी ऑफिसचे मुख्य तेच. आज मान खाली होती. ओरत्तनाडूपासून कुंभकोणमपर्यंतच्या भातपिकाचे सगळे आकडे भोकांच्या रूपात कार्डांवर उतरवून मद्रासच्या नव्या गणकयंत्राला पाठवायचे होते. रावांनी ती कार्डं आजोबांच्या सागवानी कपाटात ठेवली. राजांच्या काळचं कपाट, त्याला काय धाड भरणार! कपाटाला खरंच काही झालं नाही. वाळवीने फक्त कार्डं खाल्ली.

मूळ कागद कल्याणरामच्याच सांगण्यावरून कधीच रद्दीत गेले होते. यंत्राच्या युगात चिटोऱ्या कोण जपतो?

पण त्याने कार्डांची दुसरी प्रत करून घेतली होती. दोन्ही प्रती एका छपराखाली ठेवतो तो गाढव, असं भर ऑफिसात सांगून ती त्याने आपल्या घरी आणली होती. काल मद्रासहून फोन आला: कल्याणरामने ती प्रत घेऊन आजच्या गाडीने निघावं, आणि यंत्राच्या खोलीचा अधिकारी म्हणून तिथेच राहावं. मद्रास! तंजावूरचं तोंड पुन्हा बघायला नको.

"पोलादी ट्रंक," तो रावांना सांगत होता. "आत कापूर. वर कडुलिंबाचा पाला. खाली विटा. साठवण कशाला म्हणतात ते आज बघूनच घ्या, राव."

"कुलूप?"

"कशाला? ज्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला कोण हात लावतंय? घरात आहे कोण? बायको."

मार्गळीचा महिना होता. राजवाड्यामागच्या त्या गल्लीत दारोदार तांदळाच्या पिठाचे, ठिपक्यांचे कोलम उठले होते. राव पाय जपून टाकत होते.

"यंदा गल्लीने कमाल केलीय, कल्याणराम. ठिपका न् ठिपका छापल्यासारखा."

"बायकांना दुसरा धंदा काय?" म्हणत कल्याणराम आपल्या दारातल्या कोलमवरून चपलांसकट चालत गेला.

धनलक्ष्मी लगबगीने बाहेर आली. "या मामा, बसा. कापी ठेवते."

"कापी राहू दे. ट्रंक," कल्याणराम म्हणाला.

तो स्वतःच माजघरात गेला, ट्रंक ओढत पुढे आणली आणि रावांना नीट दिसेल अशा बेताने झाकण उघडलं.

ट्रंक काठोकाठ वडामांनी भरली होती. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र, कुरकुरीत पापड्या.

"कार्डं कुठायत?"

"कसली कार्डं?"

"यातली! भोकांची!"

"ते पुठ्ठे होय?" धनलक्ष्मीचा चेहरा उजळला. "मामा, बाहेर बघितलंत ना तुम्ही? पुठ्ठ्याची नळी करायची, दोरा बांधायचा, आत पीठ भरायचं अन् सड्यावरून फिरवायची. आपोआप ठिपके! मार्गळी लागल्यापासून आख्खी गल्ली माझ्या दारात. अंबाक्का, गंगाबाई, कोपऱ्यावरची मुदलियारीण... कुणाला नाही म्हणायचं? गठ्ठेच्या गठ्ठे वाटले."

"अगं, जिल्ह्याचं भात होतं त्यात!"

"अय्यो, मग सांगायचं नाही? ट्रंक आणलीत त्या दिवशी मी विचारलं ना, काय आहे म्हणून? काय म्हणालात? 'भोकं पाडलेला पुठ्ठा. तुला काय कळणार?'" ती रावांकडे वळली. "खरंच काही कळेना, मामा. इथे एक भोक, तिथे दोन, मधेच काही नाही. कोण आंधळ्याने पाडली होती कोण जाणे. मग मीच दाभण घेऊन बसले, सगळी सारखी करून दिली."

कल्याणराम मागे सरून माजघरातल्या विटांवर बसला. ट्रंक काढल्यामुळे त्या मोकळ्याच होत्या.

"उरलीत किती?" त्याने विचारलं. आवाज आता मद्रासचा राहिला नव्हता.

"उरतील कुठली? ओल्या सड्यावर दोन दिवसांत लगदा होतो त्यांचा. टिकाऊ नाहीत हो. पुढल्या वेळी पत्र्याचे आणा." मग उगाच नावं ठेवल्यासारखं वाटू नये म्हणून ती म्हणाली, "ट्रंक मात्र एक नंबर. कापराचा वास जायला जरा वेळ लागला, पण वडामांना एक मुंगी लागली असेल तर शपथ."

राव वाकले. ट्रंकेतून एक वडाम उचलून त्यांनी उजेडात धरला, उलटासुलटा पाहिला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला. सकाळपासून खाली असलेली त्यांची मान आता बरीच वर आली होती. उंबऱ्यावर जाऊन त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली.

"कल्याणराम," ते म्हणाले, "ओरत्तनाडू कुणाच्या दारात आहे?"

कल्याणराम उठून त्यांच्यामागे येऊन उभा राहिला. सगळ्या गल्लीत त्याच्या एकट्याच्या दारातला कोलम पुसला होता. मधोमध चपलेचा ठसा होता. ठशाच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. एकेक कण उचलून त्या, न भांडता, न चुकता, भिंतीतल्या एका भोकात नीट नेऊन ठेवत होत्या.