दोरीवरचा चौथा

ग्रीसच्या एव्हिया बेटावर, पाइनच्या रानात जिथे घर जळालं, तिथेच स्तामातीसने नवं बांधलं. या खेपेला सगळं दगडाचं, दार लोखंडी. छत पुरं झालं तसं रिवाजाप्रमाणे त्याने वर दोरी ताणून तीन गवंड्यांसाठी तीन नवे सदरे टांगले.

"काका, दोरीवर चौथा हा बायकी रुमाल कुणाला? लग्नबिग्न करताय की काय?" छतावरून लेफ्तेरिस गवंडी हसला.

निळा रुमाल. स्तामातीसने तो टांगला नव्हता. वणवा आला त्या दुपारी स्तामातीसनेच तो भिजवून बायकोच्या, अर्गिरोच्या तोंडाला बांधला होता. "आतच थांब, गाडी घेऊन आलोच," म्हणून तो गेला आणि मागे रस्ता पेटला; परतला तेव्हा घराची आणि तिची राखच उरली होती.

"अहो, पाणी निथळतंय याच्यातून!" लेफ्तेरिस वरून ओरडला.

बंद लोखंडी दाराआड कुणीतरी खोकलं. मग हळूच विचारलं, "आलात?"